उपमा मागितली, बोल्ट मिळाला

तीर्थरूप ताईला,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं अर्ध्यावरच थांबलं, उरलेला अर्धा नमस्कार मनाने पोचता करते). तुम्ही दोघं सुखरूप असाल अशी आशा आहे. हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहिते, आज जीव मुठीत धरून लिहिते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? मी दर वेळी विचारते आणि तू दर वेळी 'आहेत' एवढंच कळवतेस. ह्या वेळी गुडघ्यांचं काहीही असो, ही ओळ वाचलीस त्या क्षणापासून तू लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. सातवा मजला आहे हे मला ठाऊक आहे. खाली उतरूच नकोस. घरात असेल त्यात भागव. भाऊजींनाही उतरू देऊ नकोस. त्यांना माळ्यावरची जुनी खोकी काढायला सांग, म्हणजे ते नाही म्हणण्यात तासभर घालवतील आणि तेवढा वेळ घरातच राहतील. आणि वॉचमनला सांगून खाली लिफ्टच्या दाराशी त्याची खुर्ची आडवी टाकून घे. कोणी कारण विचारलं तर त्याने माहीत नाही म्हणावं, आणि त्याला खरंच माहीत नसेल. कारण असं की तुमच्या लिफ्टचा एक बोल्ट आमच्या घरी आहे. तो नेमका कुठला, हे ज्यांनी सांगायचं त्यांना नक्की आठवत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. तुमच्या घरी फोन भाऊजी उचलतात, उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतात आणि मग 'बोला, सगळे ऐकताहेत' म्हणतात. जे मला सांगायचं आहे ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. म्हणून शेजारचे बसवाले दादा दुपारच्या फेरीला निघतील तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देते. त्यांचा थांबा तुमच्या फाटकासमोरच आहे. ते निघेपर्यंत मला वेळ आहे, आणि वेळ असला की मी पहिल्यापासून सांगते हे तुला ठाऊकच आहे.

तर पहिल्यापासून. आमच्या प्रार्थनामंडळात ह्या महिन्यापासून पश्चात्तापाची नवी प्रार्थना म्हणायची ठरलं. मंडळ चालवतात त्या बाई, म्हणजे भाषेच्या निवृत्त शिक्षिका, त्यांना जुनी प्रार्थना गुळगुळीत झाल्यासारखी वाटते. 'मी अपराधी, मी अपराधी' असं आपण इतक्या आरामात म्हणतो की मधेच जांभईसुद्धा येते, असं त्या म्हणाल्या (तेव्हा माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं). म्हणून प्रत्येकीने अपराधाच्या भावनेला एकेक नवीन उपमा आणायची. काटा, टोचणी, ओझं, डाग, उरावरचा दगड हे सगळं बाद. 'ओझं आणाल तर ओझ्यासकट परत पाठवीन,' अशी तंबीही दिली. मंडळात मॅट्रिकला भाषेत वर्गात पहिली आलेली मी एकटीच. (ही गोष्ट मंडळाला मीच सांगितली होती. आता भोगतेय.) त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली.

ताई, घरी येऊन बसले तेव्हा कळलं की हे काम महिन्याचा हिशोब जुळवण्यापेक्षा अवघड आहे. बाईंचं म्हणणंही पटायला लागलं. ओझं म्हटलं की मला वाटतं, मग खाली ठेवावं, हमाल करावा. डाग म्हटला तर डागावर माझ्याकडे घरचे तीन उपाय आहेत आणि तिन्ही स्वस्त. मन खातं म्हणतात, पण ज्यांना मन खातं ती माणसं इतरांपेक्षा जास्त जेवतात असा माझा अनुभव आहे. शेवटी मला एक सुचली: तळाला लागलेलं दूध. वरून बघावं तर पांढरंशुभ्र, दुसऱ्या भांड्यात ओतलं तरी पांढरंशुभ्र, पण वास भांडं बदलून मागोमाग येतो. मी खूश होऊन बाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, बरी आहे, पण जरा स्वयंपाकघराबाहेर या. मी आले बाहेर. तिथेच सगळं बिनसलं.

म्हटलं, प्रत्येकाच्या कामात एखादी उपमा पडलेली असेल, विचारायला काय जातं, फुकट तर मिळते. खालच्या शिलाईवालीकडे ब्लाउज आणायला गेले होते, तिला विचारलं. तिने मशीन थांबवलं, दोरा तोंडात धरला आणि म्हणाली, 'काकू, कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला आणि आपल्या डबीत एक टाचणी कमी निघाली, तसं वाटतं बघा.' मी वा म्हटलं, आणि तिने पुढे केलेल्या स्टुलावर बसता बसता तशीच उभी राहिले. 'तुमचा नव्हे हो काकू!' 'मग कुणाचा?' 'अहो, उपमा आहे!' असं म्हणून तिने मशीन इतकं जोरात सुरू केलं की पुढचं बोलणंच नको. (ब्लाउज मी अजून घातलेला नाही. उजेडाला धरून चाचपते आहे.) बसवाले दादा म्हणाले, शेवटच्या थांब्यावर गाडी लावावी, घरी येऊन जेवावं, आणि मग वाटावं की मागच्या सीटवर कुणी झोपलेलं तर नव्हतं ना? मी विचारलं, होतं का हो कुणी? तर 'उपमा आहे वहिनी' म्हणाले आणि पुढे केलेलं पाणी न पिताच उठले. सासूबाईंना विचारणार नव्हते, पण त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, 'अपराधीपणा सुनेसारखा असतो. घरभर फिरतो, तोंडाने काही बोलत नाही, पण भांड्यांच्या आवाजावरून कळतं.' उपमा उत्तम आहे हे मला मनातल्या मनात मान्य करावं लागलं, आणि तेव्हापासून भांडी मी अलगद ठेवते. तुम्हाला स्वतःला कधी तसं वाटलं का विचारलं, तर म्हणाल्या, 'मला वेळ कुठे होता?'

एवढ्यावरून मला शहाणपण यायला हवं होतं. माणसाला 'तुझं काय चुकलं' असं विचारलं तर तो सगळी दारं लावून घेतो. उपमा मागितली की स्वतः दार उघडून आत बोलावतो, पाट मांडतो, आणि वर म्हणतो इथे कुणी राहत नाही. पण मी उपमेच्या नादात होते. काल संध्याकाळी जेवताना मी ह्यांना विचारलं. ह्यांचं बोलणं तुला माहीत आहे. मीठ हवं असलं तरी मिठाकडे बघत बसतात. काल मात्र लगेच बोलले. म्हणाले, 'सगळं जोडून होतं. झाकण बसतं. बटण दाबलं की यंत्र चालायला लागतं, एकदम झकास. आणि मग आपल्या हातात एक बोल्ट उरतो.' मी घास हातात धरून तशीच राहिले. ताई, काय उपमा होती! यंत्र चालतंय, लोक चढताहेत उतरताहेत, कुणाला काही पत्ता नाही, आणि एकट्या माणसाच्या मुठीत तो बोल्ट. मी म्हटलं, बाई ह्यावर काही बोलूच शकणार नाहीत. हे म्हणाले, नको देऊस ती. मी म्हटलं, का? म्हणाले, 'उगीच. उपमा आहे गं.' आणि न मागता पुन्हा वाढून घेतलं.

न मागता वाढून घेतलं तिथेच माझं लक्ष जायला हवं होतं, पण उपमा विसरेन ह्या भीतीने मी तीच घोकत होते. आज सकाळी ह्यांचे कामाचे कपडे धुवायला काढले. खिसे तपासल्याशिवाय मी कपडा पाण्यात घालत नाही. (खिशात भिजलेल्या गोष्टींनी आमचं जेवढं नुकसान झालं आहे तेवढं चोरांनी केलेलं नाही.) पँटच्या खिशात रुमाल होता, रुमालाला गाठ होती, आणि गाठ सोडायच्या आत काहीतरी निसटून बादलीत पडलं. ठाण्णकन. उपमेला इतकं वजन असतं हे मला तेव्हा कळलं. अंगठ्याएवढा, तेलकट, चकचकीत. मी तो तसाच ओला घेऊन आतल्या खोलीत ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सासूबाई पलीकडे होत्या म्हणून सगळं कुजबुजत झालं, आणि कुजबुजत भांडण करणं किती दमवणारं असतं ते तुला सांगायला नको; तुझा अख्खा संसार स्पीकरसमोर झाला आहे.

'हा कसला?'

'बोल्ट आहे.'

'ते दिसतंय मला. कुठला?'

'ताईंच्या लिफ्टचा. बहुतेक झाकणाचा.'

'बहुतेक?'

'झाकणाचाच असणार. ब्रेकलाही त्याच मापाचे असतात, म्हणून आपलं बहुतेक म्हटलं.'

बहुतेक हा शब्द मी आजवर पाहुणे जेवायला थांबणार की नाही ह्यासाठी वापरत आले. माझी बहीण सात मजले उंच एका 'बहुतेक'वर टांगलेली आहे, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. झाकणाचा असेल तर फक्त खडखडेल, असं हे म्हणाले. आणि ब्रेकचा असेल तर? त्यावर हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, मग उठा, जा, आत्ता लावून या. तर हे उठेनात.

का उठेनात ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण तो नियम तुमच्या घरात जन्मला आहे. तुमच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्राच्या खोलीची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून भाऊजींकडे. किल्ली हवी तर नोंदवहीत लिहायचं: कोण, कशासाठी. ठरलेल्या दिवशी गेलं तर 'नेहमीची तपासणी' लिहिता येतं, कुणाची तक्रार आली तर 'तक्रार' लिहिता येतं. पण न बोलावता मधेच गेलं तर खरं काय ते लिहावं लागतं. आणि महिन्याच्या सभेत भाऊजी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, उभे राहून, मधे मधे थांबत, टाळ्यांना जागा ठेवून. त्या बिचाऱ्या प्लंबरने प्रामाणिकपणे 'नळ उलटा बसवला होता, सुलटा केला' असं लिहिलं, आणि त्या सभेपासून तो माणूस उलटा नळ झाला. परवा रस्त्यात कुणीतरी त्याच्या बायकोची ओळख 'ह्या उलट्या नळाच्या' अशी करून दिली. ती बाई हसली, पण मला तिच्याकडे बघवेना. आणि ह्यांना तर भाऊजींनीच 'अचूकराव' नाव दिलेलं. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीशी इतकी नेमकी जुळवली होती की भाऊजींनी सांध्यावरून हात फिरवून बघितला, आणि तेव्हापासून हे अचूकराव. ताई, ह्या माणसाला आयुष्यात दुसरं काही मिळालेलं नाही. बढती नाही, बक्षीस नाही, मीसुद्धा कधी तोंडभर चांगलं म्हटलेलं नाही. (तोंडभर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही; काटकसर सगळीकडेच.) ते एक नाव आहे. जिना चढून जायचं, किल्ली मागायची आणि स्वतःच्या हाताने ते नाव खोडून यायचं, हे ह्यांना जमेना.

आणि आता जे लिहिते ते भाऊजींना वाचून दाखवू नकोस. सोमवारी हे तुमच्या यंत्राच्या खोलीत काम करत होते तेव्हा मी पुन्हा पुन्हा फोन करत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाची सवलत त्याच संध्याकाळी संपत होती आणि ते दुकान ह्यांच्या वाटेतच पडणार होतं. पहिल्यांदा विचारलं किती वाजतील, मग विचारलं निघालात का, मग सांगितलं की हिरवा आणा, निळा नको. ह्यांनी एका हाताने फोन धरला असणार. सकाळपासून ह्यांनी सगळं सांगितलं: झाकण कसं जड होतं, खोलीत अंधार कसा होता, घाई कशी झाली. घाई कशाने झाली ते मात्र सांगितलं नाही. मी वाट बघत होते की आता म्हणतील, तुझ्या त्या साबणापायी. म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. आता तो हिरवा साबण न्हाणीघरात आहे आणि मी त्याला हात लावू शकत नाही. (फुकट जाणार नाही. सासूबाई वापरताहेत.)

देवाजवळ बसले, पण मागायचं काय तेच कळेना. लिफ्ट वरच्या वर धरून ठेव असं देवाला सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही. तो बोल्ट त्याने थोडाच काढला होता. एवढ्यात फोन वाजला. हे आत, मी देवासमोर, आणि फोन मधल्या टेबलावर. हे दारापर्यंत आले. मीही उठले. आम्ही दोघं फोनच्या दोन बाजूंना उभे राहिलो आणि कुणीच उचलेना. मी मोजदाद करणारी बाई, पण तो किती वेळ वाजला ते मला सांगता येणार नाही. ह्यांचा हात पुढे आला आणि टेबलाच्या कडेवर थांबला. ह्याच हाताने, ताई, तुमची फरशी जुळवली होती. शेवटी सासूबाई ओरडल्या, 'दोघं बहिरे झालात का?' आणि येऊन त्यांनीच उचलला. शिलाईवाली होती. ब्लाउजमध्ये चुकून काही राहिलं असलं तर जरा बघून घ्या, असं काकूंना सांगा, म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, काय राहिलंय गं? मी म्हटलं, उपमा.

तेव्हापासून हे खाली मान घालून आत बसले आहेत आणि मी हे लिहिते आहे. बाकी आमच्याकडे सर्व ठीक. सासूबाईंचा खोकला बरा आहे. भाऊजींना नमस्कार सांग, पण आज नको, उद्या सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकिटावर मी ठळक अक्षरात 'जिन्यानेच वर न्यावे' असं लिहिलं आहे. वॉचमन हे पत्र घेऊन लिफ्टनेच वर निघाला तर, ह्या विचाराने मला घाम फुटला होता. तो चढून आला असेल तर त्याला चहा पाज.

आता मुख्य काम. एवढं लांबण लावलं ते हे सांगायची हिंमत होईपर्यंत. ताई, तू एक तक्रार कर. ह्यांच्या कामाच्या नंबरावर फोन कर आणि म्हण की लिफ्ट खडखडते आहे, ताबडतोब या. एवढंच. मग हे बोलावलेले होतील, नोंदवहीत 'तक्रार' लिहितील, बोल्ट जागेवर बसेल आणि नावही जागेवर राहील. खोटं बोलायला सांगतेय ह्याची मला कल्पना आहे. त्याचा जाब माझ्याकडे, तुझ्याकडे नाही. तसं मी देवाला आधीच सांगून ठेवलं आहे. फक्त बोलताना हसू नकोस. खोटं बोलताना तू नाकातून हसतेस, लहानपणी त्यापायी आपण दोघींनी मार खाल्ला आहे. आणि खडखड कशी येते ते तोंडाने करून दाखवायला जाऊ नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलेलं फोडून हे लिहिते आहे (पाकीट नवंच घ्यावं लागेल, असो). हे मघाशी बाहेर आले. कामाचे कपडे बादलीत, म्हणून चांगला सदरा घातला होता. हत्यारांची पिशवी खांद्यावर. म्हणाले, 'ताईंना काय लिहितेस एवढं?' मी म्हटलं, प्रकृती विचारतेय. म्हणाले, 'तक्रार करायला सांगू नकोस त्यांना. त्या हसतील आणि फोन आपटतील.' मी पाकीट पदराखाली घेतलं. ह्यांनी मी खिडकीत वाळत ठेवलेला बोल्ट उचलला, रुमालात न बांधता तसाच मुठीत घेतला. मी विचारलं, वहीत काय लिहाल? म्हणाले, 'बोल्ट राहिला होता, असं. दुसरं काय लिहिणार?' चप्पल घालताना मी म्हटलं, आणि माझा फोन? तर म्हणाले, 'फोन रोजच येतात. बोल्ट मोजायचे असतात.' आणि गेले.

तेव्हा तक्रारीचं रद्द समज. आता हे थांब्यावर उभे आहेत, मला खिडकीतून दिसताहेत, आणि बसवाले दादा दाराशी पत्रासाठी घाई करताहेत. म्हणजे पत्र पुढे दादांच्या खिशात आणि हे मागे सीटवर, एकाच बसने तुझ्याकडे येताहेत, आणि ह्यांना पत्रात काय आहे त्याचा पत्ता नाही. बाईंना उद्या सांगेन की उपमा अजून मिळाली नाही. ह्यांची देणार नाही, ती ह्यांची आहे.

एवढंच कर. हे तुमच्याकडे जिना चढून येतील. पिशवी जड आहे, सवय नाही, सातव्या मजल्यापर्यंत चेहरा लाल होईल. आधी पाणी दे, मग किल्ली. आणि भाऊजींनी दारात उभं राहून, 'काय हो अचूकराव, तुम्ही आणि जिन्याने?' असं विचारलं, तर ताई, तू मधे पडू नकोस. उत्तर ह्यांनाच देऊ दे.